समेटाचे कथनरूप : मराठी ख्रिस्ती गद्यातील तंटा आणि मंडळी

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झाला आहे. धर्मप्रसाराचे साधन म्हणून, आणि मराठी गद्याच्या जडणघडणीत मिशनरी व धर्मांतरित लेखकांनी उचललेला वाटा म्हणून. पहिल्या अंगाने पाहणारा अभ्यासक या वाङ्मयाकडे संशयाने पाहतो, दुसऱ्या अंगाने पाहणारा कृतज्ञतेने. दोघांचे गृहीत मात्र एकच असते. ख्रिस्ती समाज हा त्यांच्या लेखी एकजिनसी असतो आणि धर्मांतराची रेषा ही त्याच्या इतिहासातील एकमेव महत्त्वाची रेषा असते. ती ओलांडल्यावर माणसे एकमेकांशी कशी वागली, कशावरून भांडली, भांडण कसे मिटले किंवा का मिटले नाही, हे प्रश्न समाजशास्त्राचे म्हणून बाजूला ठेवले जातात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ते प्रथम वाङ्मयीन प्रश्न आहेत. समेट घडण्यासाठी तो सांगता येईल असे कथनरूप उपलब्ध असावे लागते, आणि मराठी ख्रिस्ती गद्याला हे रूप सहजी मिळाले नाही.

यासाठी प्रथम दोन शब्दांकडे पाहू. ख्रिस्ती उपासक समाजाला मराठी बायबलने ‘मंडळी’ हा शब्द दिला. व्यवहारात हाच शब्द घरातल्या माणसांना, जमलेल्या लोकांना, जुन्या बोलण्यात तर पत्नीलाही उद्देशून येतो. म्हणजे संस्था आणि घर यांच्यातील सीमारेषा मराठी ख्रिस्ती भाषेत मुळातच पुसट आहे. दुसरा शब्द ‘समेट’. मराठी बायबलात देव आणि मनुष्य यांच्यातील दुराव्याचा शेवट आणि दोन भावांमधील भांडणाचा शेवट या दोहोंसाठी तो वापरला जातो. ईश्वरविषयक अर्थ आणि चव्हाट्यावरचा अर्थ एकाच शब्दात नांदतात, त्यामुळे एकाची पूर्तता झाली की दुसऱ्याचीही झाली, असा भास निर्माण होण्याची सोय भाषेतच आहे. हा भास कसा काम करतो, ते पुढे पाहायचे आहे.

उदाहरणादाखल नाशिक जिल्हा घेऊ. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेचे काम एकोणिसाव्या शतकात नाशिकला होते तसे मालेगावलाही होते. नाशिकजवळ शरणपूर हे ख्रिस्ती गाव १८५४ मध्ये वसले. तेथे निरनिराळ्या जातींतून आलेल्या कुटुंबांबरोबर गुलामगिरीतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलेही वाढली. मालेगाव हे छावणीचे आणि पुढे हातमाग-यंत्रमागाचे गाव. मुस्लिमबहुल अशा या गावात ख्रिस्ती मंडळी लहानच राहिली. अशा मंडळीत तंटा कधीच निव्वळ तत्त्वाचा नसतो. ज्याच्याशी भांडण आहे तोच रविवारी शेजारच्या बाकावर असतो, त्याच्याच घराण्याशी सोयरीक झालेली असते, आणि उठून दुसरीकडे जावे तर जायला जागा नसते. लहान मंडळीचे सारे मर्म या जवळिकीत आहे. आणि नेमक्या याच जवळिकीला मराठी ख्रिस्ती गद्यात आरंभी रूप मिळाले नाही.

२

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तंटा मिटवण्याची एक रीत सांगितली आहे. अपराध करणाऱ्या भावाकडे आधी एकट्याने जावे. त्याने ऐकले नाही तर एक-दोघा साक्षीदारांना घेऊन जावे. तरीही न ऐकल्यास प्रकरण मंडळीपुढे ठेवावे. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर हे एक कथानकच आहे. दोन पात्रांचे दृश्य, मग चौघांचे, मग समूहाचे. आवाज वाढत जातात आणि निर्णय उत्तरोत्तर अधिक लोकांच्या कानांवर पडतो.

ही रीत मराठी मुलखात आली तेव्हा येथे तिच्यासाठी मोकळी जागा नव्हती. येथे गोताची रीत आधीपासून नांदत होती. वाळीत टाकणे, प्रायश्चित्त देणे, गोताची संमती घेणे आणि अखेर पंक्तीस घेणे, हा क्रम पेशवाईच्या कागदपत्रांतून वारंवार आढळतो. भांडण मिटल्याचा पुरावा शब्दांत नसे, ताटात असे. नव्या ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची शिस्त कळली ती या जुन्या भाषेतूनच. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाला मिशनऱ्यांकडून परत आणून पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. त्याचे बंधू नारायण शेषाद्री ख्रिस्ती राहिले आणि पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. एका घरातल्या दोन भावांपैकी एकासमोर जुन्या पंक्तीत परतण्याचा प्रश्न होता, तर दुसऱ्यासमोर नवी पंगत मांडण्याचा.

हा फरक सैद्धांतिक दृष्ट्या कळीचा आहे. गोताचा समेट हा पूर्वी एकत्र असलेल्यांचा समेट असतो. तो मोडलेली जुनी व्यवस्था पुन्हा उभी करतो. मंडळीतील समेट मात्र जे कधी एका पंक्तीला बसलेच नव्हते त्यांच्यात घडवून आणायचा होता. त्याला परतण्यासारखी पूर्वस्थितीच नव्हती. म्हणून ‘पुन्हा’ या क्रियाविशेषणावर उभे असलेले कोणतेही कथानक येथे अपुरे पडते.

पण मराठी ख्रिस्ती गद्याने आरंभी जे रूप स्वीकारले ते तर याहूनही अपुरे होते. बाबा पदमनजींचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ नावातच आपली रचना सांगते. आधी अंधार, मग पहाट. त्या ग्रंथाचा सारा ओघ बाप्तिस्म्याच्या दिशेने वाहतो. संत ऑगस्टीनपासून चालत आलेल्या या रूपाचे सामर्थ्य मोठे आहे. मराठीत ‘मी’ला स्वतःच्या मनाची साक्ष काढायला शिकवण्यात त्याचा वाटा नाकारता येणार नाही. परंतु या रूपात पात्रे मुळात दोनच असतात, मी आणि देव. बाकीची माणसे अडथळा म्हणून किंवा साहाय्यक म्हणून येतात. पहाट झाली की कथा संपते, आणि मंडळीतले आयुष्य तर तेथूनच सुरू व्हायचे असते. फुकोने कबुलीच्या प्रथेविषयी जे दाखवले आहे तेही येथे लागू पडते: कबुली ऐकणाऱ्याच्या हाती सत्ता असते आणि बोलणाऱ्याला त्यातून ओळख मिळते. ज्याचा अपराध केला तो तिसरा माणूस या व्यवहारात उपस्थित असण्याची गरजच उरत नाही. देवाशी समेट झाला, आता भावाकडे जाण्याचे कारण काय, असा छुपा युक्तिवाद या रूपात दडलेला असतो. ‘समेट’ शब्दातील दुहेरी अर्थाचा भास म्हणतात तो हाच.

३

मग तंटा लिहिला गेला तो कोठे? माझ्या मते तो या प्रतिष्ठित रूपाच्या बाहेर, कडेच्या लेखनप्रकारांत लिहिला गेला. त्यातील पहिला प्रकार पत्राचा.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळात सिस्टर जेराल्डीन आणि इतर अँग्लिकन मंडळींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो अ. भि. शहा यांच्या संपादनात १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मांतरानंतरच्या तंट्याचे इतके उघडे आणि इतके दीर्घ लेखन आपल्या परंपरेत दुसरे क्वचितच असेल. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चच्या अधिकाराची मर्यादा, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, मुलीचे धार्मिक शिक्षण कोणी ठरवायचे, अशा प्रत्येक मुद्द्यावर रमाबाई आपला सद्सद्विवेक गहाण टाकायला नकार देतात. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत, एखाद्या विशिष्ट पंथाच्या आज्ञेत नव्हे, ही त्यांची भूमिका आहे. जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसतो. रमाबाईंना समोरच्या आग्रहात सत्तेची सवय दिसते.

पत्रे इंग्रजीत आहेत, तरी जेराल्डीन यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणून हाक मारतात. मनोरमेच्या नात्याने आलेला हा मराठी शब्द इंग्रजी वाक्यांच्या माथ्यावर बसतो आणि खालच्या कडाडून मांडलेल्या युक्तिवादाला वेगळाच सूर देतो. बाख्तिनच्या परिभाषेत बोलायचे तर एकाच पत्रात दोन वाणी नांदतात. एक वादाची, दुसरी नात्याची. दुसरी पहिलीला गप्प करत नाही आणि पहिली दुसरीला खोटे पाडत नाही. कोणी कोणाचे मत स्वीकारले नाही. पण संबंध तुटला नाही, आणि ही पत्रे गोळा करून जपली ती जेराल्डीन यांनीच. ज्या पत्रांत आपल्यावरचे आक्षेप आहेत तीच सांभाळून ठेवणे, हीदेखील समेटाची एक पायरी मानावी लागेल. मतैक्य आणि समेट या भिन्न गोष्टी आहेत, हे या पत्रसंग्रहाच्या रूपानेच सिद्ध होते.

मात्र ‘आजीबाई’ हा शब्द निरागस नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. आजीपुढे नात बोलू शकते, हट्टही करू शकते. पण आजी आणि नात समपातळीवर नसतात. शासित देशातून आलेल्या एका विधवेने राज्यकर्त्यांच्या चर्चशी भांडताना नात्याचा आधार घेतला. त्या नात्यात जिव्हाळा होता तसा भांडण चालू ठेवता यावे म्हणून घेतलेला आडोसाही होता.

४

दुसरा लेखनप्रकार घरगुती आठवणींचा, आणि त्याचे शिखर म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील विनोद, निरागसता आणि बोलीचा गोडवा यांची स्तुती मराठी समीक्षेने मनापासून केली आहे. पण या स्तुतीनेच पुस्तकातील एक मोठा विषय झाकला गेला. ‘स्मृतिचित्रे’ हे मंडळी घडण्याचे, मोडण्याचे आणि पुन्हा घडण्याचे कथन आहे, मग मंडळी या शब्दाचा कोणताही अर्थ घ्या.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पती-पत्नींच्या ताटातुटीची वर्षे आली. पंढरपूरचा मुक्काम, नातेवाइकांचा आधार आणि जाच, पत्रे, भेटी, पुन्हा दुरावा. लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हाही प्रथम त्यांची चूल वेगळी होती. धर्मांतराच्या प्रचलित कथेत येथे वादविवाद यायला हवा होता; पतीने तत्त्व सांगावे आणि पत्नीला ते पटावे. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात तसे घडत नाही. भांडणे आहेत, रुसवे आहेत, टिळकांचा तापटपणा आणि भोळेपणा आहे, पण समेट कोणत्याही एका वाक्यात उच्चारला जात नाही. स्वयंपाकघरात, प्रवासात, मुलाच्या आजारपणात तो हळूहळू घडत राहतो. क्षमा मागितल्याचे दृश्य शोधणाऱ्या वाचकाला हे पुस्तक निराश करील. वागणे बदलते, आणि त्या बदलातूनच दुरावा संपल्याचे कळते.

या निवेदनाचा कळस राहुरीच्या मुक्कामात येतो. जात देवाने केली की माणसांनी, हा प्रश्न लक्ष्मीबाई स्वतःलाच विचारतात. ती माणसांनी केली, असे उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या तयार होतात. ज्या बाईचे बालपण वडिलांच्या विलक्षण सोवळ्याखाली गेले, तिने हे करावे, यातील ताण त्या एका शब्दानेही फुगवत नाहीत. या प्रसंगाचा क्रम लक्षात घ्यायला हवा. जात सोडण्याचा निर्णय आधी येतो आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. वेदीजवळ अर्पण आणताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाकडे जावे, असे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. लक्ष्मीबाई त्या वचनाचा आधार घेत नाहीत, पण त्यांच्या आयुष्याचा क्रम त्याच्याशी जुळतो. ‘अरुणोदया’त देवाशी समेट हा शेवट असतो, येथे माणसांशी समेट हा आरंभ आहे. मराठी ख्रिस्ती गद्याच्या रचनेत हा उलटा फिरवलेला क्रम मूलगामी आहे, आणि केवळ साधेपणाच्या कौतुकाने त्याचे मोल होत नाही.

तरीही या कथनरूपाची एक मर्यादा सांगायला हवी. हातचे पाणी न घेण्याचा अधिकार ज्याच्यापाशी असतो, तोच तो अधिकार सोडू शकतो आणि त्या सोडण्याची कथा सांगू शकतो. ज्याच्या हातचे पाणी इतकी वर्षे नाकारले गेले, त्याला ते स्वीकारले गेल्यावर काय वाटले? आनंद, राग, की फार उशीर झाला ही भावना? प्रथमपुरुषी आठवणींच्या रूपात या प्रश्नाला जागा नाही. हा लक्ष्मीबाईंचा दोष नव्हे; त्यांनी जेवढे स्वतःचे होते तेवढेच प्रामाणिकपणे सांगितले. पण समेटाला दोन बाजू असतात आणि येथे एकच लिहिली गेली आहे, हे वाचकाने विसरू नये.

५

घरात जे आठवणींच्या रूपाने झाले ते संस्थेच्या पातळीवर करू पाहण्याचा यत्न रेव्हरंड टिळकांनी केला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, ही कल्पना होती. मिशनचा पैसा आणि एतद्देशीय मंडळीचा स्वाभिमान यांतील तंट्याला त्यांनी दिलेले हे उत्तर होते. ‘अभंगांजली’ लिहिणाऱ्या आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या या कवीला मंडळीचे रूप समितीच्या बैठकीत दिसले नाही, ते भक्तांच्या मेळ्यात दिसले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि प्रयोगाला पुरेसा काळ मिळाला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले, ही घटनाही या चर्चेत अर्थपूर्ण ठरते. एकेकाळी ज्या श्रद्धेमुळे घर दुभंगले, तिचेच काव्य दोघांच्या हातांनी पूर्ण झाले.

संस्थात्मक समेटाचे दुसरे उदाहरण अधिक यशस्वी आणि वाङ्मयीन दृष्ट्या अधिक मुके आहे. १८७० च्या दशकात एस. पी. जी. ही अँग्लिकन संस्था नगर भागात काम करू लागली, तेव्हा तेथे आधीपासून असलेल्या अमेरिकन मराठी मिशनशी तिचा वाद झाला. कोणाची माणसे कोणाकडे गेली, यावरून कटुता आली. एका गावातले, एका जातीतले, कधी एका भाऊबंदकीतले ख्रिस्ती दोन मिशनांत विभागले गेले. १९२९ मध्ये अँग्लिकनांचा नाशिक धर्मप्रांत निर्माण झाला. अमेरिकन परंपरेतील मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. नाशिक-मालेगावची अँग्लिकन वाट आणि नगर-राहुरीची अमेरिकन वाट कागदोपत्री एक झाली. शतकभराचे भांडण ठरावाने मिटले.

हा ठराव लहान मानण्याचे कारण नाही. जगात अशी एकीकरणे मोजकीच झाली आहेत आणि त्यामागे चार दशकांहून अधिक काळची बोलणी आहेत. प्रश्न एवढाच की, या घटनेला मराठीत तिच्या तोलाचे कथन का मिळाले नाही? पूर्वी एकमेकांच्या प्रभुभोजनाला न बसणारी माणसे एका रविवारी एकत्र बसली तेव्हा मालेगावात, नगरात, एखाद्या खेड्यातल्या लहान मंदिरात काय घडले? ठरावाची भाषा अन्यपुरुषी, कर्मणी आणि भूतकालीन असते. तिच्यात कोणी कोणाकडे चालत जात नाही. मत्तयाच्या कथानकातील पहिले, दोघांचे दृश्य तिच्यात गळून पडते आणि थेट तिसऱ्या दृश्याने पडदा वर जातो. पुढे देशात अनेक ठिकाणी चर्चच्या मालमत्तेवरून आणि अधिकारावरून तंटे दिवाणी न्यायालयांत गेले. त्यांची कारणे अर्थातच अनेक आहेत. परंतु मधली दृश्ये कोणी लिहिली नाहीत, त्यामुळे ती करून पाहण्याची सवयही मागे पडली, एवढे तरी म्हणता येईल.

६

सर्वांत खोल मौन मात्र जातीविषयीचे आहे. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी होती. मंडळीचे म्हणणे, ख्रिस्तात जात नाही. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशाचेही म्हणणे, ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जात नाही. पुढे शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) यांना त्या आदेशात स्थान मिळाले, ख्रिस्त्यांना नाही. एकीकडे धर्मशास्त्र आणि दुसरीकडे कायदा, दोघांनी मिळून जातीचा उच्चारच निरर्थक ठरवला. ज्या भेदाला नावच उरत नाही त्यावरून झालेले भांडण मांडायचे कसे, आणि जे मांडता येत नाही ते मिटवायचे कसे? ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) यांनी मराठी आत्मकथनाचा कायापालट केला, तेव्हा त्या लाटेत ख्रिस्ती घराण्यांतील दलित आवाज त्याच तोलाने पुढे आला नाही, याचे एक कारण या कोंडीत शोधावे लागेल.

महाराष्ट्रातून आलेले धर्मपंडित अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविद्येची मांडणी केली. दलितांच्या ईश्वरविद्येत दलितांचाच आवाज असावा, इतरांच्या मध्यस्थीला काही काळ तरी बाहेर ठेवावे, असा पद्धतीचा आग्रह त्यांनी धरला. वरवर पाहता ही भूमिका समेटाच्या विरुद्ध वाटते. पण कथनरूपाच्या अंगाने पाहिले तर ती समेटाची पूर्वअट आहे. दुसऱ्या बाजूला स्वतःचा निवेदक मिळाल्याशिवाय दोघांचे दृश्य लिहिताच येत नाही. त्याआधी घोषित केलेला समेट हा सबळाने स्वतःशीच केलेला तह असतो.

येथवरच्या विवेचनातून समीक्षेसाठी निघणारा निकष सांगता येईल. मंडळीतील तंट्याविषयीचे कोणतेही लेखन हाती घेताना शेवटी सलोखा झाला की नाही, एवढे पाहून भागणार नाही. बोलणारे किती, कोणाला नाव आहे आणि कोण निनावी आहे, कोण कोणाकडे चालत गेले, आणि न पटलेले मत लेखनात शिल्लक राहू दिले आहे की पुसले आहे, हे पाहावे लागेल. रमाबाईंची पत्रे शेवटच्या कसोटीला उतरतात, ‘स्मृतिचित्रे’ तिसऱ्या. पहिल्या दोन कसोट्यांना उतरणारे पुस्तक मराठीला अजून हवे आहे. ते बहुधा मोठ्या धर्मपीठातून येणार नाही. मालेगावसारख्या गावातल्या एखाद्या लहान मंडळीतून, जेथे भांडणारे दोघे एकमेकांना टाळूच शकत नाहीत, तेथूनच ते येण्याचा संभव अधिक. आणि ते आले तर त्यात साधेपणाच तेवढा शोधू नये, इतकी तयारी समीक्षेने आजपासून करावी.